दिनेशची दरी, जी मी शोधली

लूमच्या खाली कापसाची धूळ जमते ना, तसे हे किस्से जमतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी परत बोटभर थर. मग शुक्रवार उगवतो. शुक्रवार म्हणजे आमच्या भिवंडीचा सुट्टीचा दिवस. लूम बंद, कानाला बरं वाटतंय, चौघं चहाला बसलेत, आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, तो तंबू आठवतो काय?" झालं! पुढचे दोन तास गेले.

सगळे किस्से एकाच जागेचे. वाडा रोडनं आत जायचं, शेवटच्या पाड्याला जीप सोडायची आणि दीड तास जंगलातनं चालायचं. मग एक दरी लागते. वरून खाली तीन धबधबे. पहिल्याच्या पायाशी दुसरा, दुसऱ्याच्या पायाशी तिसरा, आणि तळाला काळाशार डोह. ना हॉटेल, ना टपरी, ना मोबाइलला रेंज.

या जागेला आमच्यात 'दिनेशची दरी' म्हणतात.

ती मी शोधली.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुणीच सांगणार नाही. माझी मागणी फार मोठी नव्हती हो. सत्कार नको, नारळ नको. फक्त चारचौघांत, एकदा, कुणीतरी म्हणावं, "ही मास्तरनं शोधली." बस! (मास्तर म्हणजे मी. शिकवतात माझे बाबा, नाव मला पडलंय. मी भिवंडीतल्या नारपोलीत एका लूमच्या कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे आमच्याकडे कारकून, आडनाव नाही.)

*

शोधली कशी, ते ऐका.

आईला घेऊन अकलोलीला गेलो होतो. गरम कुंडाचं पाणी गुडघ्यांना चांगलं म्हणून. आई कुंडात पाय सोडून बसली ती बसलीच. शेजारच्या बाईशी गुडघ्यांपासून सुरुवात होऊन गाडी सुनेपर्यंत पोचली होती, म्हणजे चार-पाच तासांची निश्चिंती. मी म्हटलं, जरा चक्कर मारून येतो. बाहेर काळीपिवळी जीप उभी होती. मागे बसलो. डोळा लागला. जाग आली तेव्हा ड्रायव्हर माझा खांदा हलवत होता.

"उतरा. पुढं रस्ता न्हाय."

"परत कधी जाणार?"

"चार वाजता."

चार वाजेपर्यंत मी तिथे काय करणार? लांबून पाण्याचा आवाज येत होता, त्याच्या मागे गेलो. बस्स. असा शोध लागला. मोठे शोध असेच लागत असावेत, झोपेतून उठल्यावर.

दिवेलागणीला अकलोलीला परत आलो. आई म्हणाली, "आलास एवढ्यात?"

दुसऱ्या दिवशी टपरीवर मित्रांना सांगितलं. तीन धबधबे, डोह, सगळं हातवारे करून. आमच्या कारखान्यातला जॉबर रियाज, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, बिडी बाजूला ठेवून म्हणाला, "गरम पानी में कितनी देर बैठा था तू?" बाळ्या, माझा शाळेपासूनचा मित्र, हसून हसून चहा सांडला त्यानं.

दिनेश हसला नाही. तो फक्त म्हणाला, "कुठल्या पाड्याला उतरलास रं?"

मी सांगितलं. मूर्ख माणूस!

पुढच्या शुक्रवारी मी मामेबहिणीच्या साखरपुड्यात वाढपी होतो. हे तिघं जाऊन आले. आठ दिवस बाळ्याचं एकच: "दिनेशनं काय जागा दाखवली राव!"

"अरे, मीच तर सांगितली होती!"

बाळ्यानं शांतपणे विचार केला. म्हणाला, "हो. पण तू सांगितलीस. त्यानं दाखवली."

*

आता दिनेशबद्दल. दिनेश भिवंडीजवळच्या वडप्याचा. त्यांच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे आणि त्या गोडाऊनवर दिनेश सुपरवायझर. सहा फूट उंची. कॅमेरावाला मोबाइल. ज्या काळात मोबाइलला कॅमेरा असला की माणसाच्या लग्नाच्या गोष्टी सुरू व्हायच्या, तो काळ. वीस मीटर दोर. मुंबईहून आणलेला खराखुरा तंबू, चेनवाला.

एवढं असूनही तो बढाई मारत नाही. हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. माणसानं बढाई मारली की त्याचा राग तरी मन लावून करता येतो.

जंगलात राहायचे नियम त्यानंच केले. "जंगलात जंगलासारखा राहायचा." स्टोव्ह नाही, रेडिओ नाही, पाकिटातलं खाणं नाही. टोप, तांदूळ, मीठ, कोयता, दोर. संपलं. हे मी म्हटलं असतं तर बाळ्यानं मला डोहात ढकललं असतं. दिनेश म्हणाला, तर बाळ्यानं स्वतःहून खिशातली फरसाणची पुडी काढून दिली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

जीपमध्ये पुढची सीट दिनेशची. तो आला की ड्रायव्हर टेप बारीक करायचा आणि हातरुमालानं सीट पुसून द्यायचा. "बसा शेठ." मी मागे, स्टेपनीवर पाय, आणि एकदा तर मांडीवर कुणाची तरी कोंबडी. मुक्कामाला पोचेपर्यंत तिनं माझा पूर्ण स्वीकार केला होता. इतर कुणी केला नव्हता.

आणि पाड्यावरचे काथोडबाबा. सत्तरीचे असतील, पण चढावर आम्हाला मागे टाकायचे. दरीपर्यंत वाट तेच दाखवायचे. पहिल्यांदा भेटले तेव्हा दिनेशला म्हणाले, "शेठ, या." रियाजला म्हणाले, "मिस्त्री, या." बाळ्याला म्हणाले, "पैलवान, या." मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आन् ह्यो दुसरा."

तेव्हापासून मी 'दुसरा'. पहिला कोण, ते विचारायची गरजच नव्हती.

*

आता तंबू.

दिनेशच्या तंबूला तोड म्हणून मी स्वतःचा तंबू करायचं ठरवलं. कापडाच्या गावात राहतो आपण, तंबू विकत कशाला घ्यायचा? कारखान्यात कापून टाकलेले कोऱ्या कापडाचे मोठे तुकडे पडलेले असतात. शेठला विचारून घेतले, शिंप्याकडून जोडून घेतले. पांढराशुभ्र, आठ जण झोपतील एवढा तंबू! बाळ्या म्हणाला, "लग्नाचा मांडव वाटतोय." मी खूश.

दिनेशचा तंबू वर कोरड्या जागी. मी माझा मुद्दाम मधल्या धबधब्याच्या अगदी समोर लावला. फोटो चांगला येईल म्हणून. पाण्याचा बारीक फवारा दिवसभर त्याच्यावर. आवाज असा की रियाज आत शिरता शिरता म्हणाला, "वाह! यहाँ तो पूरा कारखाना चालू है," आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. लूमवाल्याला गोंगाटातच झोप येते.

आता एक गोष्ट भिवंडीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असते. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. कापड धुवेपर्यंत ती खळ कापडातच असते. मला ठाऊक होतं. बाळ्याला ठाऊक होतं, तो तर सायझिंगमध्ये कामाला, दिवसभर खळच शिजवतो. रियाजची तीन पिढ्यांची विणकरी.

तिघांपैकी एकालाही आठवलं नाही!

पहाटे छतातून पेज गळायला लागली. अक्षरशः पेज! उजाडलं तेव्हा आम्ही तिघं इस्त्रीला टाकल्यासारखे कडक झालो होतो. रियाजची दाढी एका बाजूला वळली होती ती तशीच राहिली. बाळ्याला पापणी उघडायला दोन्ही हात लागले. आम्ही कसेबसे डोहाकडे गेलो, अंघोळी केल्या, परत आलो.

तंबू नव्हता.

पाड्यावरचे दोन बैल चरायला आले होते. एकाच्या तोंडातून तंबूचा दोर लोंबत होता. दुसरा दाराची बाजू संपवून खिडकीकडे वळला होता. काथोडबाबांनी शांतपणे दोर ओढून काढला, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि दिनेशला म्हणाले,

"शेठ, तुमचा तंबू बैलानं हुंगला बी न्हाय. त्या दुसऱ्याचा त्यास्नी लय आवडला!"

*

नवरात्रानंतरच्या खेपेला मी ठरवलं की दिनेशचा स्वयंपाक बिघडवायचा. तो खेकड्यांचा रस्सा करायचा. त्याच्या आईनं दिलेला घरचा आगरी मसाला, एका छोट्या डबीत. त्या रश्श्यावर बाळ्या एवढा फिदा की एकदा म्हणाला, "दिनेश, तू पोरगी असतास तर..." पुढे बोलला नाही, कारण दिनेशच्या हातात कोयता होता.

मी डबी बदलली. आमच्या घरात खेकड्याचं नावही काढत नाहीत. आमच्या घरातली सगळ्यात बुळी गोष्ट कोणती, तर मेटकूट. आजारी माणसाला मऊभाताबरोबर देतात ते. डबीभर मेटकूट भरलं आणि लांब जाऊन दगडावर बसलो, चेहरा गंभीर करून.

दिनेशनं डबी उघडली. वास घेतला. थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग सगळी डबी टोपात रिकामी केली.

पंधरा मिनिटांनी बाळ्या टोप चाटत होता. रियाज म्हणाला, "क्या डाला रे इसमें? आज तक ऐसा नहीं खाया, कसम से!"

दिनेश म्हणाला, "मना काय ठाऊक? मास्तरला इचारा."

सगळे हसले. किती साधा माणूस, कौतुक झालं तर दुसऱ्यावर ढकलतो! आणि मी काय सांगणार? मेटकूट माझ्या आईचं म्हणायचं, तर डबी मी बदलली हेही सांगावं लागणार. मीही रस्सा ओरपला. वाईट म्हणजे, खरंच चांगला झाला होता.

आठ दिवसांनी घरी जेवायला बसलो, मऊभात होता. म्हटलं, "आई, मेटकूट वाढ."

"संपलं."

"परवा तर बरणीभर होतं!"

"तो तुझा वडप्याचा मित्र आला होता," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी दहावीच्या निकालालासुद्धा बघितला नव्हता. "म्हणाला, काकू, तुमच्या मेटकुटाला तोड नाही. अख्खी बरणी दिली त्याला. बघ, लोकांची मुलं नाव काढतात! तू मीठ घालून खा आज."

*

मग मी बटाटा घेतला.

बटाटा अर्धा कापून त्यावर बिबट्याच्या पंज्याचा ठसा कोरला. मोठी गादी, वर चार बोटं. दोन संध्याकाळी खर्च केल्या. हेतू साधा होता. डोहाकाठच्या चिखलात ठसे उमटवायचे, मग दिनेश घाबरतो का ते बघायचं. घाबरायची गरजही नव्हती. नुसता दचकला असता तरी माझा महिना चांगला गेला असता.

त्या खेपेला दिनेशचा तंबू डोहाकाठीच होता; सकाळी लवकर उठून त्याच्याभोवती ठसे उमटवले. परत येऊन पडलो.

बाळ्या ओरडला. रियाज झाडावर. दिनेश बाहेर आला, चिखलात बसला, बघत राहिला. काथोडबाबांनी वाकून एक एक ठसा बघितला. एवढ्या बारकाईनं तर मी कोरलाही नव्हता.

"शेठ," ते म्हणाले, "ह्यो लंगडा हाय."

मी घाईत एक पाय हिशेबात धरायला विसरलो होतो. तीन ठसे, मग जागा. तीन ठसे, मग जागा.

दिनेश हळहळला. "तीन पायांवर काय शिकार करल बिचारा?" म्हणून निघताना सुक्या मासळीची अख्खी पिशवी दगडावर ठेवून आला. ती मासळी आमचं दुपारचं जेवण होतं! आम्ही नुसता भात खाल्ला. पाड्यावर मात्र बोलबाला: दिनेश शेठ म्हणजे देवमाणूस, लंगड्या जनावराला खाऊ घालतो.

त्याच दुपारी मी पुरावा नष्ट केला. बटाटा निखाऱ्यात भाजला आणि खाल्ला. अर्धा बाळ्यानं खाल्ला.

महिन्यानं परत गेलो. डोहाकाठी आधीच काथोडबाबा उभे होते. चिखलाकडे बोट करून दिनेशला म्हणाले, "शेठ, तुमचा लंगडा काल यून गेला."

तीन ठसे, मग जागा. तीन ठसे, मग जागा.

त्या रात्री दिनेशच्या तंबूत चौघं झोपलो. मधोमध मी.

*

हा छोटा आहे.

एकदा मी पुढे पळत जाऊन दरीच्या तोंडाशी मोठ्या खडकावर चुन्यानं लिहिलं: "या दरीचा शोध" आणि खाली माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. मग झुडपातून येऊन सगळ्यांत मिसळलो.

दिनेश खडकासमोर थांबला. वाचलं. परत वाचलं.

"मास्तर, कुणीतरी तुझ्या नावानं खोडी केलीय रं," तो म्हणाला. "तुझी बदनामी करायचा डाव हाय कुणाचा तरी."

मग वाळू आणि नारळाची शेंडी घेऊन दोन तास खडक घासला त्यानं. पाणी मी आणून देत होतो. माझी नखं चुन्यानं पांढरी होती. दिनेशनं ती बघितली. म्हणाला, "हात धू. भाताला लागल."

*

आता खुणांचा किस्सा. हा लक्ष देऊन ऐका, कारण शेवटचा किस्सा याच्यावाचून कळणार नाही. म्हणजे, कळला तर मलाही सांगा.

लूम चालू असताना कारखान्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून कामगार खुणांनी बोलतात. दोन बोटं ओठांना: बिडी. मूठ पोटावर: जेवण. तळहात डोक्यावर: शेठ आला. अशा शेकडो. रियाजला सगळ्या येतात, बाळ्यालाही. दिनेशच्या मामाचे लूम होते, त्यामुळे त्यालाही. मी मेहता. मी काचेच्या केबिनमध्ये. मला बिडी आणि शेठ, दोनच येतात.

आणि धबधब्याखाली बोलणं ऐकू येत नाही, हे आलं ना लक्षात?

तिथे हे तिघं पाण्यात उभं राहून हातांनी गप्पा मारायचे. तासन्तास. एकानं मनगट फिरवावं, दुसऱ्यानं हसून पोट धरावं, तिसऱ्यानं माझ्याकडे बघावं. मी दगडावर बसून तीन माणसांचा मूकपट बघायचो. विचारलं की रियाज म्हणायचा, "कुछ नहीं रे, ऐसेच." तुम्हाला सांगतो, आपल्याच मित्रांच्या हातांचा हेवा वाटणं यासारखी वाईट अवस्था नाही.

म्हणून मी एक खूण बनवली. मनाची. उजव्या कानाची पाळी धरायची आणि मग डाव्या कोपरावर दोनदा टकटक. अर्थ काहीच नाही!

सोमवारी बाळ्या सायझिंगमधून आमच्या कारखान्यात ताणा पोचवायला आला, त्याला काचेतून केली. बाळ्या थबकला. मग आत येऊन गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "हां, हां. बरोबर." मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. रियाजला केली. रियाज म्हणाला, "अरे, ये तो पुरानी है! मेरे अब्बा भी करते थे."

पंधरा दिवसांत अख्ख्या कारखान्यात खूण चालू. महिन्याभरात शेजारच्या कारखान्यात. पुढे तर नारपोलीच्या नाक्यावर दोन अनोळखी माणसं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना कान आणि कोपर करताना बघितली. एक रडवेला झाला होता. दुसऱ्यानं येऊन त्याला जवळ घेतलं.

मला वाटलं, चला, आयुष्यात एक गोष्ट तरी माझ्या नावावर लागली.

मग एका दुपारी आमचे शेठ केबिनच्या काचेसमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे रोखून बघितलं. कान. कोपर, दोनदा.

आता मी काय करणार? मी मान हलवली. "हो."

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी सेकंड शिफ्टला!

*

शेवटची खेप दिनेशच्या लग्नाआधीची. लग्नानंतर जंगल बंद, हे त्यानंच सांगितलं होतं. होणारी बायको वैशाली, नारपोलीचीच, वडील लूमवाले. तिला दरी बघायची होती. तिच्याबरोबर तिचे दोन भाऊ आणि एक मावशी. झालंच तर वडप्याच्या गोडाऊनवरची चार माणसं. दोन जीप भरून वऱ्हाड! पुढच्या सीटवर अर्थातच दिनेश. मी मागे, मावशींच्या डब्यांखाली.

वाटभर कौतुक. "दिनेशभाऊ, काय जागा शोधलीत!" "शेठ, तुम्हीच शोधू जाणे!" दिनेश कोयत्यानं फांद्या बाजूला करत पुढे चालला होता, त्याला मागचं ऐकू येत नव्हतं. किंवा येत होतं. मी सगळ्यात शेवटी. मनात म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. ही माणसं घरी जाऊन सांगणार, लग्नात सांगणार, पोराबाळांना सांगणार. 'दिनेशची दरी' कायमची पक्की होणार.

मधल्या धबधब्यासमोर पोचलो. पाणी असं कोसळत होतं की शेजारच्याचं शिंकणंही दिसायचं, ऐकू यायचं नाही. सगळे तोंड उघडं टाकून वर बघत होते.

वैशाली दिनेशकडे वळली आणि काहीतरी ओरडली. आवाज आला नाही, पण ओठांवरून मला शब्द न् शब्द कळला. दोन वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट बघत होतो ना.

"ही जागा शोधली कुणी?"

दिनेशनं माझ्याकडे बघितलं.

मी पोट आत घेतलं. केस सारखे केले.

दिनेशनं बोलायला तोंड उघडलं. पाण्यापुढे काही चालेना, तसं मिटलं. मग त्यानं हात लांब करून, बोट ताठ करून, सगळ्यांदेखत माझ्याकडे दाखवलं. मला! चारचौघांत! रडू येईल असं वाटलं मला.

आणि मग त्यानं उजव्या कानाची पाळी धरली. डाव्या कोपरावर दोनदा टकटक केलं.

वैशालीचा हात तोंडावर गेला. तिनं वळून भावांना तीच खूण केली. भावांनी माझ्याकडे बघितलं. थोरल्यानं चपला काढल्या. एकेक करून सगळे माझ्याजवळ आले. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसतेच हात जोडले. मावशींनी डबा उघडला, त्यातली सगळ्यात वरची पुरणपोळी माझ्या हातात ठेवली आणि पदरानं डोळे टिपले. गोडाऊनवरच्या एकानं स्वतःचा रेनकोट काढून मला घातला. ऊन होतं.

मी रियाजच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "क्या बोला वो? मतलब क्या है उसका?"

रियाजनं माझे दोन्ही खांदे धरले. डोळ्यांत बघितलं. माझ्या कानात ओरडला, "जाने दे ना, मास्तर. अब तो हो गया ना!"

बाळ्याकडे बघितलं. बाळ्यानं मान दुसरीकडे वळवली.

दिनेश वाकून चुलीचे दगड लावत होता. त्याची पाठ तेवढी दिसत होती. हलत होती. हसत होता की काय, देव जाणे. पाण्याच्या आवाजात काही कळायला मार्ग नव्हता.

निघताना काथोडबाबांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. दोन वर्षांत त्यांनी दिनेशचीसुद्धा पिशवी घेतली नव्हती. उतारभर मी सगळ्यांच्या पुढे. माझ्या पुढे कुणीच नाही. मागे सगळे, आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

पाड्यावर जीप उभी होती. टेप जोरात चालू. दिनेश पुढच्या सीटपाशी गेला, थांबला, आणि मागे जाऊन स्टेपनीवर पाय ठेवून बसला.

काथोडबाबा ड्रायव्हरपाशी गेले. आयुष्यात त्यांनी लूम बघितलेला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग हळूच उजव्या कानाची पाळी धरली आणि डाव्या कोपरावर दोनदा टकटक केलं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. टेप बंद केला. खाली उतरला, खिशातून हातरुमाल काढला आणि पुढची सीट दोनदा पुसली.